बाद केलेली प्लेट परत परांचीवर चढते, ती कशी थांबवायची

बऱ्याच साईटवर एकच त्रास फिरून फिरून येतो. सोमवारी सकाळी कुणीतरी परांची तपासतं. दोन वाकडे पाइप, पायाखालची एक फाटकी लोखंडी प्लेट, पाइप एकमेकांना आवळणारे पण आटे गेलेले चार-पाच क्लॅम्प निघतात, ते बाजूला टाकले जातात आणि काम सुरू होतं. पंधरा दिवसांनी परत बघावं तर तीच प्लेट, तोच पाइप इमारतीच्या दुसऱ्या बाजूला, वरच्या लिफ्टवर, म्हणजे परांचीच्या वरच्या थरावर, बसलेला. परत काढा, परत टाका. जळगाव, भुसावळ, चोपडा, शिरपूर या टापूत मी अठरा वर्षं इमारतींच्या कामावर सुपरवायझर आहे आणि या चक्रात मीही बरीच वर्षं फिरलो. सुरक्षेचं बोलताना आपला सगळा जोर तपासणीवर असतो. माझ्या अनुभवानं तपासणी बहुतेक ठिकाणी बऱ्यापैकी होते. घोटाळा होतो तो काढलेल्या मालाचं पुढे काय करायचं इथे.

भुसावळच्या बाहेर एका तीन मजली इमारतीला बाहेरून गिलावा चालू होता. चालायच्या लोखंडी प्लेटा भाड्याच्या होत्या, दोन्ही टोकांना हूक असलेल्या. त्यातल्या एकीवर हिरव्या ऑइल पेंटचा डाग होता, साधारण पिंपळाच्या पानाएवढा. तिच्या एका हुकाचं वेल्डिंग अर्धं सुटलं होतं. मी ती स्वतः काढली, खडूनं फुली मारली आणि मालाच्या ढिगाशेजारी भिंतीला उभी केली. तीन आठवड्यांनी धडगावकडचा एक पोरगा दुसऱ्या लिफ्टवरून सिमेंटच्या मसाल्याचं घमेलं घेऊन चालला होता, तेव्हा पायाखालची प्लेट एका बाजूनं सुटून तिरपी झाली. खालच्या लिफ्टवर फळ्या होत्या म्हणून तो सहा फुटांवर अडकला. पोटरी फाटली, टाके पडले, तीन आठवडे घरी बसला. मी वर गेलो तेव्हा लोंबकळणाऱ्या प्लेटीवर तो हिरवा डाग दिसला. खडूची फुली केव्हाच धुऊन गेली होती. गिलाव्याला रोज दोन वेळा पाणी आम्हीच मारत होतो.

त्याच्या दवाखान्याचा खर्च आणि बसल्या दिवसांची मजुरी दिली गेली. पण ती प्लेट मी ओळखली होती, माझ्या हातानं काढली होती आणि तरी ती त्याच्या पायाखाली गेली, हे अजून डोक्यातून जात नाही. पुढे जे लिहितोय ते त्या दिवसानंतर एकेक करून बसवलेलं आहे.

आत्ता वर माणसं असतील तर

परांची हलते, आवाज करते, एखादा पाय जमिनीपासून उचलला गेलाय, प्लेट डुगडुगते असं कळलं की आधी माणसं खाली आणि मग चौकशी. उतरायचं शिडीनं, एकेकानं, घमेली आणि हत्यारं वरच ठेवून. घाईनं सगळे एका टोकाला गोळा झाले तर तेच टोक खाली येतं. माणसं उतरली की शिडी काढून घ्या. "वर जाऊ नका" असं सांगून भागत नाही, कारण थापी वर राहिलेली असते आणि कुणीतरी "आलोच" म्हणत चढतो. शिडीच नसेल तर चढणार कशानं?

खालची जागाही मोकळी करा. वरून नट पडला तरी डोकं फुटतं.

माल परत वर का जातो

अपघातानंतर मी चार दिवस प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, की ही प्लेट वर कुणी नेली आणि का. कुणाला धरून शिक्षा करायची नव्हती, म्हणून उत्तरं खरी मिळाली.

पहिलं कारण साधं. बाद माल चांगल्या मालाच्या शेजारी होता. संध्याकाळी उजेड कमी झाल्यावर बिगारी ढिगातून हाताला येईल ती प्लेट उचलतो, त्यात त्याची काय चूक?

दुसरं, माल मोजून मापून आणलेला होता. साठ प्लेटांचं काम आणि साठच प्लेटा. एक बाद केली की एक गाळा, म्हणजे परांचीच्या दोन उभ्या पाइपांमधली जागा, उघडा राहतो आणि गवंड्याला तिथेच उभं राहायचं असतं. आता मी शंभराला पाच नग जादा मागवतो, क्लॅम्प तर शंभराला दहा. भाडं थोडं वाढतं. पण जादा माल जाग्यावर नसेल तर बाद करण्याचा निर्णय टिकतच नाही, हे मी आता ठेकेदाराला काम सुरू होण्याआधीच सांगतो.

तिसरं कारण भाड्याचं. नग कमी भरला तर माल देणारा पूर्ण किंमत लावतो. म्हणून मुकादम मोडका नगही जपून ठेवतो, परत करायला. आणि साईटवर जपून ठेवलेली वस्तू कधी ना कधी वापरली जाते.

चौथं कारण मला सगळ्यात जड वाटतं. गाळा बंद झाला की त्या गाळ्यावरच्या माणसाची दिहाडी जाते. आमचे एक जुने मुकादम, सगळे त्यांना नाना म्हणतात, त्यांनी मला तोंडावर सांगितलं, "भाऊ, आठ दिन काढात, आखो एक दिन काढी टाकसूत." आठ दिवस काढले तसा अजून एक काढू. त्या बोलण्यात बेफिकिरी नव्हती, संध्याकाळच्या हिशोबाची चिंता होती. तेव्हापासून आमच्याकडे ठरलेलं आहे: परांचीमुळे गाळा बंद राहिला तर त्या माणसांची दिहाडी पूर्ण, तोवर विटा भिजवणं, चाळणं, चर काढणं असं खालचं काम द्यायचं. हे ठरल्यावर दुसऱ्याच आठवड्यात माणसं आपणहून सांगायला लागली की अमुक क्लॅम्प सरकतोय, तमुक फळी वाजतेय. माझ्या डोळ्यांना जे दिसत नव्हतं ते त्यांच्या पायांना आधीच माहीत होतं.

कुठे बघायचं

सुरुवात खालून. तापीच्या दोन्ही अंगांना काळी जमीन आहे आणि आपल्या परांच्यांचे निम्मे आजार तिथून येतात. मे महिन्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात, मृगाचा पहिला पाऊस पडला की ती फुगते आणि मऊ होते. उन्हाळ्यात ओळंब्यात उभी केलेली परांची जूनमध्ये एका बाजूला कलते ती यामुळे. पाय सरळ मातीवर किंवा विटेच्या तुकड्यावर असेल तर वरचा माल कितीही चांगला असो, उपयोग नाही. वरची सैल माती काढा, मुरूम टाकून धुम्मसानं ठोका, त्यावर दोन पायांना मिळून एक अशी जाड फळी आडवी घाला, फळीवर बेस प्लेट, म्हणजे पाइपच्या पायाखालची लोखंडी पट्टी. पाणी वाहून जायला बाजूनं चर काढा. पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी प्रत्येक फळी पायानं दाबून बघा. एखादा पाय अधांतरी दिसला तर त्याचं वजन शेजारचे दोन पाय उचलताहेत असं समजा. पाय खालीवर करायचा स्क्रू जॅक असेल तर आट्याचा निदान तिसरा हिस्सा पाइपच्या आत राहिला पाहिजे. जमीन खचली म्हणून जॅक वर वर फिरवत नेलेला मी इतक्या वेळा पाहिलाय की आता आधी तिकडेच नजर जाते.

मग ओळंबा. दोन्ही बाजूंनी, प्रत्येक कोपऱ्याच्या उभ्या पाइपाला. पाच मिनिटांचं काम आहे.

पाइप तपासायला सकाळी सातच्या आत जा. त्या वेळी ऊन तिरपं असतं आणि दबलेली जागा, खड्डा, सालपट निघालेला गंज सावलीमुळे उठून दिसतो. दुपारी बाराला तोच पाइप गुळगुळीत वाटतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा दुपारी पाइपला हातच लावता येत नाही. मग तपासणारा लांबून मान हलवून निघून जातो. शिवाय तापलेल्या पाइपमुळे माणसं कठडा धरायचं टाळतात, म्हणून उन्हाळ्यात हातमोजे द्या.

खाली पडलेला पाइप एका टोकाला डोळा लावून बघितला की बाक कळतो. शंका असेल तर दोन टोकांना सुतळी ताणून धरा. सहा मीटरच्या पाइपात सुतळी आणि पाइप यांच्या मधोमध माझं बोट सहज गेलं तर तो पाइप उभा किंवा आडवा कुठेच लावत नाही. ही माझी मोजपट्टी आहे, गेली बरीच वर्षं कामाला येतेय. एका जागी चेपलेला पाइप मात्र मोजत बसू नका, तो बाद. उभ्या पाइपावर भार आला की तो नेमका चेपलेल्या जागी दुमडतो. गॅसनं तापवून किंवा खांबाच्या बेचक्यात अडकवून सरळ केलेला पाइपही नको. दिसायला सरळ होतो, पण ज्या जागी एकदा वाकला तिथली ताकद परत येत नाही.

गंज किती खाल्लाय हे डोळ्यांनी कळत नाही, आणि नवा रंग मारलेला असेल तर मुळीच नाही. भाड्याच्या मालावर ताजा चंदेरी रंग दिसला की मी जास्त संशयानं बघतो. हातोडीनं ठोका: चांगला पाइप खणखणीत वाजतो, आतून सडलेला भद् आवाज करतो. त्याहून पक्की परीक्षा वजनाची. परांचीचा पाइप बाहेरून ४८.३ मिमी असतो. ३.२ मिमी जाडीचा सहा मीटर पाइप २१ किलोच्या थोडा पुढे भरतो. २.९ मिमीचा हलका असेल तर १९ च्या पुढे. साईटवर किंवा शेजारच्या भुसार दुकानात वजनकाटा असतोच. सरसकट सगळे तोलायची गरज नाही, प्रत्येक गाडीतले चार-पाच संशयास्पद तोला. काटा १८ वर थांबला तर तो पाइप परांचीचा राहिलेला नाही. पाइपची टोकंही आतून बघा, गंज बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतो.

क्लॅम्पच्या बाबतीत तीन गोष्टी बघतो: तोंड पसरलंय का, बोल्ट वाकलाय का, नट हातानं शेवटपर्यंत फिरतो का. हातानं न फिरणाऱ्या नटाचा आटा गेलेला असतो. तो पान्यानं जोर लावून बसवला तर घट्ट वाटतो, पण पाइपला पकड मिळत नाही. आवळण्याचं मापही लोकांना सांगावं लागतं. वीतभराच्या पान्यावर वीस-बावीस किलोचा जोर पुरे. पान्याला पाइपचा तुकडा लावून सगळं अंग टाकणारे बोल्ट ताणून टाकतात, आणि असा बोल्ट त्या दिवशी तुटत नाही, नंतर तुटतो.

क्लॅम्प सरकतोय का हे कळायला एक सोपा उपाय आहे, तो प्रत्येक साईटवर करावा असं मला मनापासून वाटतं. आवळून झाल्यावर क्लॅम्पच्या खालच्या कडेला लागून पाइपवर ऑइल पेंटची बारीक रेघ ओढा. दुसऱ्या दिवशी काम झाल्यावर बघा. रेघ आणि क्लॅम्प यांच्यात नखाएवढी फट दिसली किंवा रेघ क्लॅम्पनं झाकली गेलेली दिसली तर तो सरकला. मग फक्त परत आवळून थांबायचं नाही, काढून बघायचं. बहुतेक वेळा पाइपवर सिमेंटचा वाळलेला थर असतो किंवा क्लॅम्पचं तोंड पसरलेलं असतं.

परांची कपलॉकची, म्हणजे लोखंडी कपात आडव्या पाइपांची टोकं अडकवायची असेल, तर खालचा कप बघा. तो उभ्या पाइपला वेल्ड केलेला असतो, दर अर्ध्या मीटरवर एक. वेल्डिंगच्या कडेला केसासारखी तांबूस रेघ दिसली तर ती चीर आहे आणि तिच्यातून गंजाचं पाणी येतंय असं समजा. वरचा कप हातोडीनं ठोकूनही फिरून बसत नसेल तर आत लेजरचं, म्हणजे आडव्या पाइपाचं, पातं वाकडं आहे किंवा सिमेंट अडकलंय. आडव्या पाइपाचं टोक तारेनं बांधून भागवू नका. एच-फ्रेमच्या, म्हणजे तयार चौकटींच्या परांचीच्या, पिनांचंही तसंच. पिनेच्या जागी सळईचा तुकडा, खिळा किंवा बाइंडिंग वायर दिसली की तो गाळा बंद करायचा.

चालायच्या जागेत सगळ्यात मोठा धोका शटरिंगच्या प्लेटा वापरण्याचा आहे. त्या सेंट्रिंगसाठी, म्हणजे स्लॅब ओतताना खालून धरायला असतात, त्यांना हूक नसतो, पाइपवर नुसत्या ठेवलेल्या असतात आणि कडेला पाय पडला की उलटतात. लाकडी फळी वापरत असाल तर तिला रंग कधीच मारू नका, रंगाखाली भेग दडते. गाठी, लांबीत गेलेली चीर, कुजलेली टोकं बघा. फळी दोन विटांवर ठेवून मधोमध उभे राहा आणि कान द्या. करकर आली तर उतरा. फळीचं टोक आधाराच्या बाहेर तिच्या जाडीच्या चौपटीपेक्षा जास्त जाऊ देऊ नका, नाहीतर टोकावर उभ्या माणसासह फळी उलटते. कठडा कमरेच्या वर, मध्ये एक आडवा पाइप, आणि पायाशी वीतभर उंच पट्टी.

बांबूची परांची आपल्याकडे अजून खूप चालते, विशेषतः रंगकामाला आणि एक-दोन मजली घरांना. सातपुड्यातला पक्का, नीट वाळलेला बांबू चांगली साथ देतो. खाली पिठासारखी पांढरी भुकटी पडलेली दिसली की बांबूत कीड आहे. बारीक भोकं शोधा, सापडतातच. उभी चीर एका पेरापुरती असेल तरी तो बांबू उभा लावू नका. बांधणी पेराच्या गाठीला लागून हवी, मधल्या गुळगुळीत भागावर बांधलेली दोरी घसरते. दोरीबद्दल लोक सगळ्यात बेफिकीर असतात. काथ्या ओला झाला की आवळतो आणि वाळला की सैल पडतो, म्हणून पाणी मारून झाल्यावर कडक ऊन लागलं की सगळ्या गाठी परत बघाव्या लागतात. नायलॉनची दोरी आपल्या उन्हात एका उन्हाळ्यात खरखरीत होते. तिचे पेड उलगडून आत बघा. बोटाला धागे चुरा होऊन लागले तर ती दोरी गुरं बांधायलाही नको.

आणि शेवटी टाय, म्हणजे परांची भिंतीशी पक्की धरून ठेवणारे जोड. परांची पडण्यामागे मोडक्या पाइपाइतकंच हे कारण असतं आणि त्याला कुणीच मोडतोड म्हणत नाही. गवंडी गिलाव्याच्या आड येतो म्हणून टाय काढतो, ग्रिलवाला खिडकी बसवायला काढतो, परत कुणी लावत नाही. टाय खिडकीच्या ग्रिलला, पावसाच्या पाण्याच्या पाइपला किंवा एसीच्या स्टँडला बांधलेला असेल तर तो नसल्यासारखाच. साधारण दर चार मीटर उंचीला एक पक्का टाय धरा. धूळ आणि ऊन अडवायला हिरवी जाळी लावली असेल तर जास्त घ्या, कारण जाळी वाऱ्यात शिडासारखी फुगते. मे-जूनमध्ये येणारं वावधान रावेर-यावलच्या केळीच्या बागा तासाभरात झोपवतं, आपल्या परांचीची काय कथा? ढग भरून आले की आमच्याकडे आधी माणसं खाली, मग वेळ मिळाला तर जाळी सोडवणं.

उभ्या परांचीतला खराब भाग बदलताना

इथे माणसं मरतात, कारण दुरुस्ती करतोय या भरात आपण आधार काढून घेतो. आडवा पाइप किंवा तिरका ब्रेस बदलायचा असेल तर आधी नवा त्याच्याशेजारी लावून आवळायचा आणि मगच जुना सोडायचा. त्या गाळ्यावर आणि त्याच्या वरच्या प्रत्येक लिफ्टवर त्या वेळी माणूस नको, विटा नको, मसाल्याचा ढीग नको. उभा पाइप खराब असेल तर जागच्या जागी बदलायच्या फंदात पडू नका. वरून खाली त्या बाजूची परांची उतरवा आणि परत उभी करा. एक दिवस जातो. त्या दिवसाची दिहाडी द्यायचं आधीच ठरलेलं असेल तर कुरबुर होत नाही.

साईटवर वेल्डिंग करून तडकलेला कप किंवा हूक जोडणं आम्ही बंद केलंय. वेल्डर कितीही हुशार असो, गंजलेल्या पातळ लोखंडावर टाका धरला की शेजारची जागा कमजोर होते. वेल्ड करून आणलेला माल पुढच्या तपासणीत ओळखूही येत नाही.

काढलेला भाग दोरी आणि कप्पीनं खाली सोडा, फेकू नका. हे फक्त खालच्या माणसासाठी सांगत नाही. तपासणीच्या वहीत लिहायला लागल्यावर लक्षात आलं की नव्यानं बिघडलेला बहुतेक माल परांची सोडताना बिघडतो. तिसऱ्या मजल्यावरून टाकलेला क्लॅम्प दगडावर आपटला की तोंड पसरतं, पाइपाचं टोक चेपतं, प्लेटीचा हूक वाकतो, आणि हाच माल पुढच्या साईटवर जातो. सोडणाऱ्या टोळीला घाई असते, कारण त्यांचा हिशोब उक्त्यावर असतो. कप्पी लावून माल उतरवायचा दर वेगळा ठरवला की फेकणं थांबतं. आम्ही तो ठरवला.

काढलेल्या मालाचं काय करायचं

त्याच तासात तो कायमचा निकामी करा. पाइप असेल तर चेपलेली जागा ग्राइंडरनं कापून टाका. उरलेला तुकडा चांगला आणि पुरेसा लांब असेल तर कठड्याला वापरता येतो, पण तो परत तपासून. प्लेट मधून कापा. क्लॅम्पचा बोल्ट काढून तोंड हातोडीनं चेपा. फळीचे हातभर तुकडे करा, चुलीला चालतात. बांबू कोयत्यानं मधून तोडा, दोरीचे वीतभर तुकडे करा. कापलेली वस्तू अंधारात, घाईत, कुणीही, कितीही अडचणीत वर नेऊ शकत नाही.

भाड्याचा माल असेल तर कापता येत नाही, हे खरं. त्यासाठी आम्ही दोन गोष्टी करतो. गाडी आली की उतरवण्याआधी तपासतो. खराब नग गाडीतच राहतो आणि चलनावर, म्हणजे मालाच्या पावतीवर, तसं लिहून ड्रायव्हरची सही घेतो, मोबाइलवर फोटो काढतो. साईटवर नंतर खराब झालेला नग लाल ऑइल पेंटनं दोन्ही बाजूंना फुली मारून कुलपाच्या खोलीत ठेवतो, किल्ली माझ्याकडे. खोली नसेल तर साखळी आणि कुलूप. पुढची गाडी येते तिच्यातच तो परत जातो, "नादुरुस्त" असं चलनावर लिहून. लाल फडकं बांधून पाहिलं होतं, पण ते उन्हानं फिकं होतं आणि कुणीतरी डोक्याला बांधायला सोडून नेतं. फुलीचा अर्थ सगळ्यांना माहीत हवा. आमच्याकडे पावरा, भिल्ल, बारेला अशी आदिवासी माणसं असतात, काही सेंधवा-बडवानीकडून येतात, मराठी वाचता न येणारे पुष्कळ. म्हणून पहिल्या दिवशी फुली मारलेला पाइप हातात धरून, त्यांच्यातल्या एकाकडून त्यांच्या बोलीत सांगून घेतो.

माल देणारा भरपाई मागतो तेव्हा वाद होतो. चलन, फोटो आणि वही जवळ असली की तो वाद निम्म्या वेळेत मिटतो. एकदा मात्र आम्ही परत पाठवलेला फुलीचा क्लॅम्प पुढच्या गाडीत नव्या रंगाखाली आला. लाल फुली चंदेरी रंगातून पुसट दिसत होती. त्या माणसाकडून माल घेणं बंद केलं आणि इतर ठेकेदारांनाही का बंद केलं ते सांगितलं.

किती वेळा तपासायचं

२०२५ पर्यंत लागू असलेल्या १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याखाली १९९८ साली जे केंद्रीय नियम झाले, त्यांत हे स्पष्ट होतं: परांची उभी केल्यावर वापरण्याआधी, त्यानंतर दर सात दिवसांनी, तिच्यात काही बदल किंवा मोडतोड झाली की, आणि वादळवाऱ्यासारख्या कारणानं तिच्या मजबुतीवर परिणाम होण्यासारखं काही घडलं की, जबाबदार माणसानं तपासायची. मी त्यात खानदेशापुरती भर घालतो. होळीआधी भोंगऱ्याच्या आदिवासी बाजारांना माणसं गावी जातात, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) तर साईट ओस पडते. आठ-दहा दिवस परांची एकटी उभी असते. त्या काळात कुणी दोरी सोडून नेतं, कुणी फळी नेतं, खाली गुरं अंग घासतात. सण संपून माणसं परतली की पहिल्या सकाळी कुणालाही वर चढू न देता पूर्ण तपासणी करायची. परतलेली माणसं उत्साहात असतात, मुकादमाला दिवस भरून काढायचे असतात, आणि नेमकी तीच सकाळ धोक्याची.

वही शंभर पानी पुरते. तारीख, बाजू, कितवा गाळा, काय दिसलं, काय केलं, काढलेला नग कुठे गेला, सही. नग कुठे गेला हा रकाना आधी आमच्याकडे नव्हता. परवाची नोंद अशी आहे: "पूर्व बाजू, दुसरी लिफ्ट, तिसरा गाळा. लेजरचं पातं वाकलेलं. नवा लावून जुना काढला. फुली, कुलूप. बुधवारच्या गाडीत परत." बुधवारी गाडी गेली की त्या ओळीपुढे चलनाचा नंबर लिहायचा. नंबर नसलेली ओळ दिसली की तो नग अजून आपल्या साईटवर कुठेतरी आहे असं धरून मी त्याच संध्याकाळी शोधायला निघतो. गेल्या महिन्यात अशी एक ओळ राहिली होती. तो पाइप पाण्याच्या टाकीमागे सापडला, फुली भिंतीकडे करून ठेवलेला.